ईलाय मॅनिंग आणि 117-117 : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, त्यामुळे "मताबद्दल आभारी आहे" म्हणून वाटेला लावणं बरं दिसणार नाही. अमेरिकन फुटबॉलमधल्या न्यूयॉर्क जायंट्सच्या ईलाय मॅनिंगला 2025 मध्ये, पहिल्याच खेपेला, हॉल ऑफ फेमने (कॅन्टनमधलं या खेळातल्या थोरांचं मानाचं दालन) बाहेर ठेवलं म्हणून मी चिडून लेख लिहिला होता. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : जेवढे सामने जिंकले तेवढेच (117-117) हरलेला क्वार्टरबॅक (पास टाकून आक्रमण चालवणारा खेळाडू) कॅन्टनमध्ये शोभत नाही, दोन्ही सुपर बोल (लीगचे अंतिम सामने) जायंट्सच्या डिफेन्सने (बचाव फळीने) जिंकून दिले, वर नशिबाने हात दिला, आणि न्यू जर्सीत राहून मी घरच्या पोराचे लाड करतोय.

शेवटचा आरोप मान्य. जायंट्सचं मेटलाइफ स्टेडियम घरापासून अर्ध्या तासावर आणि निळी जर्सी कपाटात, आता काय करणार!

आणखीही काही मान्य करतो. मी त्याला "पिढीतल्या सर्वोत्तमांपैकी एक" म्हटलं, ते जास्तच झालं. ब्रेडी, ब्रीज, रॉजर्स आणि सख्खा थोरला भाऊ पेटन या क्वार्टरबॅकांच्या काळात तो खेळला आणि ऑल-प्रो संघात (हंगामातल्या सर्वोत्तमांच्या यादीत) एकदाही आला नाही. 2013 मध्ये तर त्याने 27 इंटरसेप्शन दिले, म्हणजे 27 पास थेट प्रतिस्पर्ध्यांच्या हातात. त्या वर्षी पहिले सहाच्या सहा सामने हरलो. रविवारी दुपारी बायको स्वयंपाकघरातूनच विचारायची, "दिला का चेंडू त्यांना?" निवडीला 80 टक्के मतं लागतात, असा हंगाम आठवून कुणी "जरा थांब" म्हटलं तर तो अन्याय नव्हे. "अन्याय" हा शब्द मागे घेतो.

पण तुमचे दोन मुद्दे एकमेकांशी भांडतात, ते बघा. सुपर बोल जिंकला तर श्रेय डिफेन्सचं, संघाचं. सामना हरला तर तो मात्र ईलायच्या खात्यावर. हा कुठला हिशेब? 1 नोव्हेंबर 2015, न्यू ऑर्लिन्स. ईलायने सहा टचडाउन पास (थेट गुण मिळवून देणारे) टाकले, जायंट्सने 49 गुण केले आणि सामना गेला 52-49 असा, कारण न्यू ऑर्लिन्सच्या ब्रीजने सात टाकले. त्या हंगामात जायंट्सच्या डिफेन्सने लीगमध्ये सर्वांत जास्त यार्ड दिले होते. तुमच्या 117 पराभवांत हाही एक आहे. उलट डिसेंबर 2019 मध्ये डॉल्फिन्सविरुद्ध त्याने तीन इंटरसेप्शन दिले तरी संघ 36-20 जिंकला. बरोबरी साधणारा 117वा विजय तो हाच! 2016 अखेर त्याचा विजय-पराभवांचा आकडा 108-91 होता. पुढच्या तीन वर्षांत, संघ पार मोडकळीला आलेला असताना, 9-26 झाला. त्यात म्हाताऱ्या होत चाललेल्या ईलायचाही वाटा होताच, नाही म्हणत नाही.

आता नशीब. 3 फेब्रुवारी 2008. पहिला सुपर बोल, समोर ब्रेडीचे पेट्रियट्स, तोवर 18-0 असे अपराजित, हंगामात 589 गुणांचा तेव्हाचा विक्रम. त्यांना 14 गुणांवर रोखलं आणि ब्रेडीला पाच वेळा सॅक केलं (पास टाकण्याआधीच पाडलं) ते डिफेन्सनेच, वादच नाही. पण 2 मिनिटं 39 सेकंद उरली तेव्हा आपण 14-10 मागे होतो, चेंडू स्वतःच्या 17 यार्डवर. डिफेन्स बाकावर बसून बघत होता. वाटेत पेट्रियट्सच्या असांते सॅम्युएलच्या हातांना लागून एक चेंडू निसटला. हे नशीब, शंभर टक्के. पुढच्याच प्लेला, थर्ड अँड फाइव्ह (तिसरा प्रयत्न, पाच यार्ड हवे), जार्व्हिस ग्रीन आणि रिचर्ड सीमोर यांनी ईलायला घेरलं. जर्सी ताणली गेलेली स्पष्ट दिसत होती. मी सोफ्यावरून उठून "गेला!" म्हणालोसुद्धा. हा गडी पळण्यात मुळीच चपळ नाही, तरी गिरकी घेऊन सुटला, मागे सरकला आणि लांब फेकला. आपल्या टायरीने एका हाताने चेंडू हेल्मेटवर दाबून धरला, पेट्रियट्सचा रॉडनी हॅरिसन अंगावर असताना. 32 यार्ड. टायरीचं ते नशीब म्हणा हवं तर, पण त्या घेऱ्यातून सुटणं कुणाच्या नशिबात लिहिलेलं नव्हतं.

बरं, नशीब एकदा. चार वर्षांनी दुसरा सुपर बोल, पुन्हा पेट्रियट्स, पुन्हा मागे (17-15), चेंडू स्वतःच्या 12 यार्डवर. पहिलाच पास मॅनिंगहॅमला, साइडलाइनला चिकटून, दोन डिफेंडरांच्या मधल्या फटीत, 38 यार्ड. तो पास मी अजून कधीकधी काढून बघतो. दोन्ही वेळा जिंकलो, दोन्ही वेळा एमव्हीपी (सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू) ईलायच.

क्वार्टरबॅक जिम प्लंकेटच्या तुमच्या उदाहरणाने मात्र मला गप्प केलंत. रेडर्ससाठी दोन सुपर बोल, आकडा 72-72, आणि आजही बाहेर. दोन दिवस विचार करत होतो. फरक सांगायचा तर प्लंकेट एमव्हीपी एकदाच झाला. दुसऱ्या सुपर बोलमध्ये, 38-9 जिंकला त्यात, तो मान संघातल्याच मार्कस ॲलनचा होता. ईलायचे टचडाउन पास 366, प्लंकेटचे 164. पण काळ वेगळा, तेव्हा एवढे पास कुणीच टाकत नसे, म्हणून त्यावर फार भर देत नाही. खरं सांगायचं तर प्लंकेट बाहेर आहे हे मला कॅन्टनवरचं त्याचं कर्ज वाटतं, ईलायविरुद्धचा पुरावा नाही. क्वार्टरबॅक जो नेमथ 173 टचडाउन आणि 220 इंटरसेप्शन घेऊन 1985 मध्ये आत गेलाच की! एका सुपर बोलच्या जोरावर दार उघडायची प्रथा कॅन्टनने स्वतःच पाडली आहे. ईलायकडे तसे दोन आहेत.

जाता जाता : टायरीच्या त्या झेलावरच टचडाउन झालं असं मी लिहिलं होतं. तुम्ही म्हणता तेच बरोबर, टचडाउन जायंट्सच्या बरेसचं, 13 यार्डचं, 35 सेकंद उरली असताना. लेखात दुरुस्ती केली आहे.