टिकली किती नंबरची?

तुळशीबागेत टिकलीचं पाकीट निवडायला आमच्या हिला अर्धा तास लागायचा आणि मी बाहेर पिशव्या धरून मनातल्या मनात हसायचो. त्या हसण्याची वसुली ओहायोत झाली, तीही व्याजासकट.

शेजारच्या म्हाताऱ्याने मला हरणाच्या शिकारीचा नाद लावला. ओहायोत हरणासाठी रायफल-हँडगनला सरळ भिंतीचीच, म्हणजे तोंडाशी निमुळती न होणारी, काडतुसं लागतात. रायफलीला तेवढी मुभासुद्धा 2014 पासूनची. हँडगनची नळी किमान 5 इंच हवी. म्हणून म्हातारा म्हणाला, ".44 मॅग्नम घे. एकच काडतूस रिव्हॉल्व्हरलाही आणि कार्बाइनलाही, म्हणजे आखूड रायफलीलाही. वर एक रेड डॉट लाव, झालं." हे 'झालं' ऐकून आजवर मी दोन फ्लॅट आणि एक गाडी घेतलेली आहे.

रेड डॉट म्हणजे नेम धरायची एक छोटी काच आणि तिच्यावर प्रकाश टाकणारा एलईडी. काच तो प्रकाश अशी परतवते की लाल ठिपका पार समोर, हरणाच्या अंगावरच टेकलाय असं वाटावं. 1975 साली स्वीडनच्या एमपॉइंटने तो बाजारात आणला. बघताना दोन्ही डोळे उघडे ठेवायचे. एनसीसीत पॉइंट टू-टू चालवताना उस्तादांनी आरडाओरडा करून माझा डावा डोळा मिटायला लावला होता. तो आता उघडायला तयार होईना.

दुकानातल्या पोराने विचारलं, "किती एमओए?" एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग, 100 यार्डांवर साधारण इंचभर. म्हणजे 2 चा ठिपका 50 यार्डांवर इंचभर जागा झाकणार, 6 चा तीन इंच. घरी येऊन हिला समजावलं. ती भाजी निवडत म्हणाली, "लांबच्याला बारीक टिकली, जवळच्याला ठसठशीत. आणि अहो, रिव्हॉल्व्हरला मोठीच घ्या, तुमचा हात हलतो." तीन रात्री जागून, सतरा व्हिडिओ बघून मी नेमका इथवर पोहोचलो होतो.

पुन्हा दुकानात. काचेतून पाहिलं तर ठिपका कुठला, घाम आल्यावर ओघळतं तसं कुंकू! दुसरा मागवला, तोही ओघळलेला. तिसऱ्याला मी जरा आवाज चढवला. पोराने शांतपणे मोबाइलने काचेतून फोटो काढून दाखवला. फोटोत ठिपका गोल गरगरीत. "सर, प्रॉब्लेम डोळ्यांत आहे." म्हणजे आपला सिलिंड्रिकल नंबर! चष्मा गाडीत होता. तो लावून, उजेड कमी करून पाहिलं तेव्हा कुंकवाची टिकली झाली.

रिव्हॉल्व्हरचं दुखणं वेगळंच. कार्बाइन निदान खांद्याला टेकते. इथे हात लांब करावा तर मनगट जरासं वाकलं की ठिपका गायब. तो शोधत मी रिकामं रिव्हॉल्व्हर कागदी हरणासमोर गोल गोल फिरवत होतो. हिने खिडकीतून विचारलं, "आरती झाली का?" वर .44 चा धक्का असा की दहा गोळ्यांत स्क्रू सैल. म्हाताऱ्याने निळं थ्रेडलॉकर, म्हणजे स्क्रू घट्ट धरणारा डिंक, लावून दिलं. स्क्रू हलला की कळावं म्हणून त्यावर खूण करायला हिचं नेलपॉलिश वापरलं. तेही लालच.

धनुष्याला मात्र डॉट लावलाच नाही. बाणाला 20 यार्डांवर नेम बसवला तर 40 यार्डांवर तो फूटभर खाली जातो, एक टिकली काय करणार? त्यापेक्षा अंतरागणिक नेमाची एकेक पिन परवडली. आयडाहोसारख्या राज्यात तर धनुष्यावर इलेक्ट्रॉनिक वस्तूच चालत नाही. हे वाचून झालेला आनंद शब्दांत सांगता येत नाही.

थँक्सगिव्हिंगनंतरचा सोमवार. पहाटे भगवं जाकीट घालून झाडाखाली बसलो. साडेसातला खरंच हरीण आलं, चाळीसेक पावलांवर आडवं उभं राहिलं. कार्बाइन उचलली. काच लख्ख, ठिपका नाही! दिवाळीत पाहुण्यांना दाखवायला ठिपक्याचा उजेड फुल केला होता, तो तसाच राहून सेल संपला होता. मी खिशातली सीआर 2032 ची डबी हळूच उघडली. आत सेल नव्हता, हिच्या अक्षरातली चिठ्ठी होती: 'वजनकाट्यात घातलाय. येताना दोन आणा.'