पहिल्याच तासाला आडवे व्हायचे असेल तर

हॉट योगाला जायचं ठरवलंत, फार चांगलं केलंत. साध्या खोलीत आसनं करणारा माणूस गेला तसाच घरी परततो, चारचौघांत सांगावं असं त्याच्याकडे काही नसतं. चाळीस अंशांच्या खोलीतून मात्र काहीतरी पदरात पाडूनच बाहेर पडता येतं: भोवळ, मळमळ, मांडीमागची कळ, नाहीतर निदान विषद्रव्यांविषयी एक ठाम मत. थोडी मेहनत घेतलीत तर चारही गोष्टी पहिल्याच दिवशी मिळतील.

सुरुवात तास निवडण्यापासून करा. हॉट योगा नावाखाली बऱ्याच गोष्टी चालतात. कुठे ३२ ते ३५ अंशांत सावकाश चालणारा तासाभराचा वर्ग असतो, कुठे गरम खोलीत एका आसनातून दुसऱ्यात वाहत जाणारा विन्यास असतो. सगळ्यांत कडक तो बिक्रम चौधरींचा मूळ प्रकार. मूळच्या कोलकात्याच्या या गृहस्थांनी १९७० च्या दशकात तो अमेरिकेत रुजवला. ९० मिनिटं, ठरलेल्या क्रमाची २६ आसनं, त्यातली बहुतेक दोन-दोनदा, खोली १०५ फॅरनहाइट म्हणजे जवळपास ४०.६ अंश सेल्सियस आणि हवेत ४० टक्के आर्द्रता. या क्रमावर त्यांनी कॉपीराइटही सांगितला होता, पण २०१५ साली अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने तो मान्य केला नाही. त्यामुळे आता ही २६ आसनं करताना कोसळायला कुणाच्या परवानगीची गरज उरलेली नाही. वेळापत्रकात 'नवशिक्यांसाठी' असं लिहिलेला एखादा वर्ग असेल. त्याकडे ढुंकूनही पाहू नका.

दारात एक फॉर्म भरून घेतात. रक्तदाब, हृदयविकार, मधुमेह, गरोदरपण, चालू औषधं अशा चौकशा त्यात असतात. सगळीकडे 'नाही' लिहून मोकळं व्हा. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या शरीरातलं पाणी आधीच कमी करतात, रक्तदाबावरचं बीटा-ब्लॉकर औषध हृदयाला गरजेपुरतं धावू देत नाही आणि ॲलर्जीवरच्या काही गोळ्या घामच कमी करतात. डॉक्टरांना विचारलं तर ते हे सगळं सांगत बसतील आणि उगीच बेत फसेल.

आता पाणी. हा विषय मोठा आहे, कारण यात दोन्ही बाजूंनी चुका करता येतात. जाणकार दिवसभर थोडं थोडं पितात, तासाच्या दोनेक तास आधी अर्धा लिटर घेतात आणि मग अधूनमधून एखादा घोट. तुम्ही सकाळपासून चहा-कॉफीवर राहा आणि वर्ग सुरू व्हायला दहा मिनिटं उरली की बाटली तोंडाला लावून लिटरभर रिचवा. एवढं पाणी दहा मिनिटांत अंगात मुरत नाही, ते पोटात डुचमळत राहतं. पादहस्तासनात छाती मांड्यांना टेकवायची असते, तेव्हा ते कुठल्या बाजूला जायचं याचा विचार करू लागतं.

तास संपल्यावर चूक उलट्या बाजूने करायची. दीड तासात लिटरभर घाम जाणं अगदी सामान्य आहे आणि घामाबरोबर मीठही जातं, माणसागणिक दर लिटरला अर्ध्या ग्रॅमपासून दीड-दोन ग्रॅमपर्यंत सोडियम. जेवणातल्या मिठातून ते सहज भरून निघतं. पण तुम्ही जेवू नका, नुसतं पाणी पीत राहा, तीन लिटर, चार लिटर. रक्तातलं सोडियम पातळ झालं की डोकं दुखतं, मळमळतं, सुचेनासं होतं. पाणी कमी पडल्यावरही हेच होतं. म्हणून ही लक्षणं दिसताच आणखी एक बाटली उघडा. (तासाच्या आधी आणि नंतर अंग कोरडं करून वजन केलं की दोन्हींतला फरक कळतो: वजन घटलं तर पाणी गेलं, वाढलं तर जास्त झालं. एवढी सोपी युक्ती असल्यामुळे ती कुणी करत नाही.)

जेवण मात्र तासभर आधी, आणि भरपेट. पचनाला रक्त हवं, स्नायूंना रक्त हवं आणि अंग थंड ठेवायला कातडीलाही रक्त हवं. रक्त एकच, वाटेकरी तीन, हे भांडण पोटातच मिटेल असं समजू नका. दोन-तीन तास पोट रिकामं ठेवणारे लोक या तमाशाला मुकतात.

कपड्यांचं फार मनावर घेऊ नका. जाड सुती टी-शर्ट घाला, सैल. वीस मिनिटांत तो घामाने दुप्पट जड होतो आणि खाली वाकलं की तोंडावर येतो. निघण्यापूर्वी हातापायांना लोशन चोळा. उभ्याने करायच्या दंडायमान धनुरासनात पाय मागे नेऊन घोटा हाताने धरायचा असतो, दुसरा हात समोर आणि नजर आरशात. घामावर लोशन म्हणजे साबणच. घोटा हातातून निसटतो, पुढे झुकलेलं अंग पुढेच जातं आणि आरशातला माणूस अंगावर धावून येतो. चेहऱ्यावर सनस्क्रीनही लावा, पंधराव्या मिनिटाला ते डोळ्यांत उतरेल. मॅटवर अंथरायचा लांब टॉवेल मात्र नेऊ नका. मॅटवर साचलेल्या घामात त्रिकोणासनाला पाय फाकवले की ते तुमच्या इच्छेपेक्षा रुंद जातात.

शक्यतो वेळेवर पोहोचा, म्हणजे दार लागायच्या क्षणाला. इतर लोक पंधरा-वीस मिनिटं आधी येऊन गुपचूप पडून राहतात आणि अंगाला उष्णतेची ओळख करून देतात. अंगाला ती ओळख पूर्ण पटायला खरं तर आठवडा ते दोन आठवडे रोजची सवय लागते. मग घाम लवकर सुटतो, त्यातलं मीठ कमी होतं, नाडी ताळ्यावर राहते. तुम्हाला हे सगळं एका दुपारी उरकायचं आहे. पी हळद आणि हो गोरी.

जागा पहिल्या रांगेत, आरशासमोर धरा. दाराजवळच्या मागच्या कोपऱ्यात दर वेळी दार उघडलं की थंड झुळूक येते आणि पुढच्यांचं बघून आसनही कळतं. पहिल्या रांगेत या दोन्ही सोयी नसतात. शिवाय तुमचं बघून मागच्या तिघांचं चुकतं, ते वेगळंच.

पहिला प्रकार श्वसनाचा. दोन्ही हातांची बोटं गुंफून हनुवटीखाली धरायची, श्वास घेताना कोपरं कानांपर्यंत वर, सोडताना मान मागे आणि कोपरं पुढे एकत्र. श्वास घ्यायचा नाकाने, सोडायचा तोंडाने, आणि सगळं संथ. दिसायला काहीच नाही, पण सहाव्या-सातव्या आवर्तनाला खांदे भरून येतात. इथेच तोंड उघडून भराभर श्वास घ्यायला लागा. रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटून बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. याला 'ऊर्जा जाणवली' असं म्हणायची पद्धत आहे.

एव्हाना घामाच्या धारा लागल्या असतील. घाम थंडावा देतो तो अंगावरून वाळताना. टपटप खाली गळणारा घाम अंगाला काहीही न देता जातो आणि दमट खोलीत बराचसा असाच जातो. तरीही मॅटखालचं तळं हेच तुमचं प्रगतिपुस्तक समजा आणि शेजारच्याच्या तळ्याशी ताडून पाहा. दर मिनिटाला टॉवेलने अंग खसाखसा पुसत राहा, म्हणजे जो थोडाफार वाळणार होता तोही वाळणार नाही. अंग तापतंय म्हटल्यावर कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्त तिथे आणि पायांत साचतं, हृदयाकडे कमी परततं, ते बिचारं वेगाने पळू लागतं. अशा वेळी खाली वाकलेलं डोकं झटकन वर आणलंत की डोळ्यांपुढे काजवे हमखास. सावकाश, पाठीचा एकेक मणका सरळ करत वर येणाऱ्याला ते दिसत नाहीत.

दंडायमान जानुशीर्षासनाला आलात की उतावळ्या नवऱ्याला गुडघ्यासाठी हवी ती संधी मिळते. एका पायावर उभं राहायचं, वाकून दुसऱ्या पायाचा तळवा गुंफलेल्या बोटांनी धरायचा, मग तो पाय समोर सरळ करायचा, मग कोपरं पोटरीखाली वाकवायची आणि सगळ्यात शेवटी कपाळ गुडघ्याला. उभा गुडघा स्थिर नसेल तर पुढची पायरी घ्यायचीच नाही. नवखा माणूस महिनोन्महिने पहिल्याच पायरीवर थांबला तरी ते आसनच असतं. तुम्ही थेट कपाळाकडे झेपावा. शिक्षक 'गुडघा लॉक करा' असं ओरडत असतात. त्यांचा अर्थ असतो मांडीचा पुढचा स्नायू आवळून गुडघ्याची वाटी वर ओढा. तुम्ही अर्थ काढा गुडघा मागे ढकला. तो मागे धनुष्यासारखा वाकला की भार स्नायूंवरून गुडघ्यामागच्या अस्थिबंधांवर जातो. ते निमूट सोसतात, बोलतात दुसऱ्या दिवशी जिना उतरताना.

उष्णतेची खरी करामत इथेच आहे. गरम खोलीत अंग सैल वाटतं, एरवी जिथे ओरडला असता तिथला ताण गोड लागतो. घरी गुडघ्यापर्यंत पोहोचणारा हात इथे घोट्याला लागतो. ही लवचीकता खोलीने उसनी दिलेली असते, पण तुम्ही ती स्वतःची समजून आणखी चार बोटं पुढे रेटा. मांडीमागचे स्नायू बसायच्या हाडाला जिथे चिकटतात, तिथे खोल, नेमक्या बिंदूत दुखलं तर समजा साधलं. स्नायूच्या मध्यावरचा ताण विरतो. हाडापाशी दुखावलेला स्नायुबंध मात्र खुर्चीवर टेकताक्षणी आठवण देतो, तीही काही महिने.

उष्ट्रासन शेवटच्या टप्प्यात येतं, अंगातलं पाणी संपत आल्यावर. गुडघ्यांवर उभं राहायचं, हात कमरेवर, छाती वर उचलून मान मागे, आणि मग हात टाचांवर. चांगल्या सरावलेल्या माणसालाही इथे मळमळतं. परत येताना क्रम महत्त्वाचा: हात पुन्हा कमरेवर, मग छाती, डोकं सगळ्यांत शेवटी. तुम्ही डोकं आधी झटकून उठा. आणि उठलात की आडवं न होता तडक दाराकडे धावा. आडवं झालं की रक्त आपोआप डोक्याला पोहोचतं आणि दोन मिनिटांत बरं वाटतं, त्यात मजा नाही. धावलं तर दाराबाहेरच्या गार फरशीवर, सगळे बाहेर पडताना, व्यवस्थित प्रेक्षकांसह पडता येतं.

मध्येच डोकं ठणकू लागलं, पायात गोळे आले, एवढ्या उकाड्यात अंगावर काटा आला, तर कुणाला सांगू नका. इतर लोक अशा वेळी बाहेर जाऊन ओल्या फडक्याने अंग थंड करतात. कुणी असंबद्ध बोलू लागला, त्याला आपण कुठे आहोत ते कळेना, तर थेट रुग्णवाहिका बोलावतात. तुम्ही म्हणा, 'विषद्रव्यं निघताहेत.' यकृत आणि मूत्रपिंडं हे काम रात्रंदिवस, गरम खोलीविना करत असतात, पण त्यांना आरसा नसल्यामुळे कुणी विचारत नाही.

घरी आल्यावर मनगटावरच्या घड्याळाने दाखवलेल्या ८०० कॅलरी मित्रांना कळवा. उकाड्याने वाढलेली नाडी आणि धावल्याने वाढलेली नाडी यांतला फरक त्या घड्याळाला कळत नाही. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठात सरावलेल्या माणसांवर प्रत्यक्ष मोजमाप झालं, तेव्हा ९० मिनिटांच्या तासाला स्त्रियांच्या सुमारे ३३० आणि पुरुषांच्या सुमारे ४६० कॅलरी भरल्या, म्हणजे भरभर चालण्याइतक्या. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या आणखी एका अभ्यासात बारा आठवडे काही जणांनी हीच आसनं तापवलेल्या खोलीत केली, काहींनी साध्या. रक्तवाहिन्यांना फायदा दोन्हीकडे जवळपास सारखाच झाला. हे दोन्ही आकडे गटावर टाकू नका, गट थंड पडतो.

काट्यावर मात्र लगेच उभे राहा. किलोभर वजन कमी दिसेल, त्याचा फोटो काढा, आणि मग पाण्याची बाटली उघडा.

राहिली मॅट. सौम्य साबणाच्या पाण्याने पुसून दोन्ही बाजू वाळवायच्या असतात, टॉवेल त्याच दिवशी धुवायचा असतो. तुम्ही दोन्ही तसेच ओले गुंडाळा, पिशवीची चेन लावा आणि पिशवी पुढच्या आठवड्यापर्यंत कपाटात ठेवून द्या. पुढच्या तासाला ती उघडली की तुमच्या चारही बाजूंना दोन-दोन हात जागा आपोआप मोकळी होईल. गर्दीच्या वर्गात एवढी जागा जुन्या सभासदांनाही मिळत नाही.