५६ अंश तक्त्यात का नाही?

नमस्कार,

नागपूरच्या मे महिन्यातल्या उच्चांकांवरच्या माझ्या लेखातल्या तक्त्यात २०१३चं ४७.९ अंश हा उच्चांक होता. त्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: '४७.९ हा आकडा म्हणजे सरकारी सारवासारव. ३० मे २०२४ला नागपुरात ५६ अंश झालं, सगळ्या चॅनेलांनी दाखवलं, तुम्ही मात्र गाळलं. आणि १९५४मध्येच ४७.८ झालं होतं, तर तापमानवाढीचा एवढा बोभाटा कशाला?'

५६ अंश मी मुद्दामच घेतलं नाही. तो आकडा रामदासपेठेतल्या स्वयंचलित केंद्राचा होता. त्याच दुपारी आसपासची जी केंद्रं ठीक चालत होती, ती ४४च्या घरात होती. एकाच शहरात, एकाच दुपारी बारा अंशांचा फरक हवेत पडत नाही, यंत्रात पडतो. हवामान खात्यानेही सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. आदल्याच दिवशी दिल्लीच्या मुंगेशपूर केंद्राने ५२.९ दाखवलं होतं. तिथे प्रमाणित उपकरण शेजारी लावून पाहिलं, तेव्हा सेन्सर सुमारे तीन अंश जास्त दाखवत असल्याचं निघालं.

शिवाय जगाचा मान्य उच्चांक आहे ५६.७, कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीचा, १० जुलै १९१३चा. ५६ खरं मानायचं, तर आपलं रामदासपेठ त्या वाळवंटाच्या पंक्तीला जाऊन बसतं. आणि मान्य झालेला आकडासुद्धा कायमचा नसतो. लिबियातल्या अल अझिझियाचा १९२२चा ५८ अंशांचा आकडा तब्बल नव्वद वर्षं जगाचा उच्चांक म्हणून छापला जात होता. जुन्या नोंदवह्या तपासून जागतिक हवामान संघटनेने २०१२मध्ये तो रद्द केला.

पारंपरिक वेधशाळेत तापमान कसं मोजतात ते सांगतो, कारण सगळी मेख तिथेच आहे. पांढऱ्या रंगाची, झडपांची लाकडी पेटी असते. तिचं दार उत्तरेकडे, म्हणजे ते उघडल्यावरही ऊन थेट आत शिरत नाही. तापमापकाचा फुगा जमिनीपासून साधारण चार फुटांवर, हवा चारी बाजूंनी खेळती. कमाल तापमापकात पारा असतो आणि नळीच्या गळ्याशी एक चिमटा. पारा वर चढतो, पण हवा निवली तरी आपोआप खाली येत नाही. ताप मोजायच्या जुन्या थर्मामीटरमध्ये हीच युक्ती असते. दुपारी तीनला पारा कुठवर गेला होता, ते संध्याकाळी साडेपाचला आलेल्या निरीक्षकाला नीट वाचता येतं. सगळी मांडणी सावलीतल्या हवेचं तापमान मोजण्यासाठी आहे. गाडीच्या डॅशबोर्डवर, चौकातल्या फलकावर जे दिसतं त्यात डांबराची, पत्र्याची, इंजिनाची धग मिसळलेली असते. ती धग खोटी नाही. सीताबर्डीत भर दुपारी हातगाडी ओढणाऱ्याच्या अंगाला तीच लागते. पण ती १९५४च्या आकड्याशेजारी मांडता येत नाही, आणि जे शेजारी मांडता येत नाही त्याला मी उच्चांक म्हणणार नाही.

आता १९५४. त्या वर्षीच्या २६ मेचं ४७.८ आणि २०१३च्या २३ मेचं ४७.९. आपल्याकडे १९५४मध्ये फॅरेनहाइट चालायचं. ४७.८ म्हणजे बरोबर ११८ फॅरेनहाइट. अशा रूपांतरात दशांशाचा फरक सहज पडतो, म्हणून या दोन दिवसांना मी जवळजवळ बरोबरीचेच मानतो. तुमचा आक्षेप इथे वजनदार आहे. पण एका दिवसाच्या उच्चांकावरून तापमानवाढ ना सिद्ध होते, ना खोटी ठरते. त्यासाठी अनेक वर्षांच्या सरासऱ्या पाहाव्या लागतात, आणि रात्रीचं किमान तापमानही. कोरडी जमीन, निरभ्र आकाश आणि राजस्थानकडून येणारे तप्त वारे नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांच्या, सुमारास एकत्र आले की विदर्भ पेटतो, हे १९५४लाही खरं होतं.

सारवासारवीचा आरोप मला लागला, कारण खरा धोका उलट बाजूने आहे. मे २०१०मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८वर गेला. त्या महिन्यात नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक मृत्यू जास्त झाल्याचं नंतरच्या अभ्यासात दिसलं. रोजचं तापमान आणि रोजचे मृत्यू शेजारी ठेवता आले, म्हणूनच ते कळलं. २०१३मध्ये तिथे उष्णता कृती आराखडा आला, पुढे नागपूरसह इतर शहरांनीही तसे आराखडे केले. आता मला सांगा, ५६ ऐकलेल्या माणसाला पुढच्या वर्षी '४५ अंश, बाहेर पडू नका' असा इशारा मिळाला, तर तो किती मनावर घेईल? मैदानी भागात ४५ला उष्णतेची लाट आणि ४७ला तीव्र लाट जाहीर होते. माणसं दगावतात ती या आकड्यांना.

तेव्हा तक्ता तसाच राहील. १९५४च्या नोंदीपुढे फॅरेनहाइटचा आकडा मात्र घालतो. तुमच्या गच्चीवरच्या तापमापकाच्या नोंदीही जरूर पाठवा. फक्त तो भिंतीवरून काढून उत्तरेच्या सावलीत, वारा लागेल असा टांगा, आणि रोज एकाच वेळी वाचा. त्या नोंदी मी वेगळ्या देईन, वेधशाळेच्या रकान्यात मिसळणार नाही.