एच पडला तेव्हा

या सगळ्याचं मूळ म्हणजे आमच्या अ‍ॅग्रीमेंटमधलं नववं कलम. अकरा महिन्यांचा करार, त्यात कुत्रा पाळायचा नाही, गच्चीत वाळवण घालायचं नाही वगैरे नेहमीचंच, आणि नवव्यात ठळक अक्षरात, की भिंतीला खिळा ठोकायचा नाही. वर घरमालक काकांनी किल्ली देताना तोंडीपण सांगितलं, "यंदाच रंग काढलाय हं, जपून." हे म्हणताना त्यांनी भिंतीवरून असा काही हात फिरवला की मला वाटलं आता भिंतीची दृष्टच काढतायत. हात खाली घेतला तेव्हा तळव्याला पांढरट पूड लागलेली, ती त्यांनी हळूच पँटला पुसली. मी बघितलं होतं. तिथेच मला कळायला हवं होतं, पण मी तेव्हा किचनमधला नळ का गळतोय ते बघण्यात गुंग होते.

तर खिळा नाही म्हणजे फ्रेम नाही, घड्याळ नाही, कालनिर्णयसुद्धा नाही, ते आम्ही फ्रिजला लोहचुंबकाने लावलं. डोंबिवलीतला दुसरा मजला, पिस्ता कलरच्या भुंड्या भिंती आणि वर ट्यूबलाइट, रात्री हॉलमध्ये बसलं की दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखं वाटायचं. आणि मग एक दिवस मोबाईलवर ते भिंतीला चिकटवायचं स्टिकरचं झाड दिसलं. जमिनीपासून छतापर्यंत गेलेलं, फांदीवर घुबड, बाजूला पोपट, खाली पांढरा सोफा आणि सोफ्यावर एक बाई हातात मग घेऊन अशी बसलेली की हिच्या घरी कधी भांडी घासायला पडतच नसतील. २४९ रुपये. सोबत इंग्रजीत 'होम' असा एक शब्द फ्री, वीत वीतभर उंचीची चार अक्षरं. खिळा नको, ड्रिल नको, नको असेल तेव्हा "सहज काढा, डाग राहत नाही" असं लिहिलेलं. मी दोन सेट मागवणार होते, नवऱ्याने एकावर थांबवलं, या एका गोष्टीबद्दल मी त्याची आजन्म ऋणी आहे.

पार्सल आलं ते लाटण्याएवढ्या नळीत. उघडलं तर अख्खं झाड तुकड्या-तुकड्यात, बुंधा तीन भागात, फांद्या वेगळ्या, पानं सुटी, घुबडाचं एक कान दुसऱ्या शीटवर. गुंडाळी इतकी घट्ट की टेबलावर सोडली की सुर्रकन परत नळी. एक रात्र गादीखाली ठेवली, त्याने थोडी वठणीवर आली पण नवरा सकाळी म्हणाला पाठीत काहीतरी टोचत होतं, तो बहुतेक पोपट असावा. सगळं जमिनीवर जुळवून बघितल्यावर लक्षात आलं की झाड छतापर्यंत वगैरे काही जाणार नाही, ते माझ्या खांद्यापर्यंत येतंय. त्या फोटोतली बाई अडीच फुटाची असणार.

माझा नवरा मेकॅनिकल इंजिनिअर आहे. मला नुसतं चिकटवायचं होतं, त्याला ते ओळंब्यात हवं होतं. त्याने मोबाईलवर लेव्हलचं अ‍ॅप घेतलं, ते हिरवं बुडबुड्यावालं, मोबाईल भिंतीला टेकवला आणि पेन्सिलने रेष मारली. रेष मला डोळ्यांनी तिरकी दिसत होती. सासूबाईंना दिसत होती. आमची लेक तेव्हा चार वर्षांची, तिलापण दिसत होती. तो म्हणे, "अ‍ॅप झीरो दाखवतंय, भिंत वाकडी आहे." पंधरा मिनिटं बिल्डरला शिव्या घालून झाल्यावर सापडलं की मोबाईलला मागे कव्हर आहे, कव्हरला बोट अडकवायची रिंग आहे आणि अ‍ॅपचा झीरो साहेबांनी कधीतरी चहा सांडून फुगलेल्या टेबलावर सेट केलाय. पण तोपर्यंत रेष मारून झाली होती, आणि इंजिनिअरने मारलेली रेष पुसायची नसते.

अक्षरांची गंमत वेगळीच. ती तीन थरांची असतात, खाली मेणकागद, मध्ये अक्षर, वर एक पारदर्शक टेप. टेप ओढली की अक्षर मेणकागदावरून टेपवर आलं पाहिजे, मग भिंतीला दाबायचं, मग टेप काढली की अक्षर टेपवरून भिंतीवर गेलं पाहिजे. म्हणजे एकूण दोन बदल्या, आणि दोन्ही वेळेला ते आपल्या जागेवरून हलायला तयार नाही. दाबून घासायला काहीतरी चपटं कडक लागतं, दुकानात त्याची पट्टी मिळते म्हणे, आमच्याकडे सासूबाईंचं एसटीचं अर्ध्या तिकिटाचं कार्ड मिळालं. त्या शेजारीच उभ्या होत्या, दर दोन मिनिटांनी "फोटो खरवडेल गं माझा" म्हणत. शेवटी एच, ओ, ई नीट बसले. एम बसवताना मला शिंक आली. शिंकेने एम हलला हे नवऱ्याचं म्हणणं, माझं म्हणणं की त्याची रेषच तिरकी होती म्हणून एम तिरका झाला, आणि या विषयावर आमच्यात आजपर्यंत एकमत झालेलं नाही.

झाडाचं थोडक्यात सांगते. बुंध्याच्या बरोबर मध्ये स्विचबोर्ड आला. फोटोतल्या बाईच्या घरी वीजच नसावी. घुबड मग बोर्डाच्या वर बसवलं, म्हणजे पंखा लावायला हात पुढे केला की ते असं बघायचं की वाटावं बिल हेच भरतंय. बुडबुडे आले, ते टाचणीने टोचून कार्डाने बाहेर ढकलले, एका पोपटाला एवढं टोचलं की त्याला देवी आल्यासारख्या दिसायला लागल्या. पण रात्री सगळे दिवे लावून लांबून बघितलं तर छानच दिसत होतं हो. सासूबाईसुद्धा म्हणाल्या बरंय. मग म्हणाल्या, "आमच्याकडे चिपळूणला नागपंचमीला गंधाने नाग काढायचो भिंतीवर. दुसऱ्या दिवशी ओलं फडकं मारलं की नाग गेला." मी म्हंटलं आई, हे पण तसंच आहे, सहज निघतं, तसं लिहिलंय. हे वाक्य त्यांनी जपून ठेवलं.

जूनपर्यंत काही झालं नाही. जुलैत डोंबिवलीचा पाऊस लागला, पश्चिमेच्या भिंतीला ओल आली, आणि एके रात्री दोनच्या सुमाराला हॉलमधून चर्रर्र असा आवाज. आम्ही दोघं उठलो, नवऱ्याने हातात बॅट घेतली. दिवा लावला तर एच जमिनीवर. नुसता एच नाही, एचच्या पाठीला पिस्ता रंगाचा पोपडा, आणि भिंतीवर एचच्या आकाराचा पांढरा खड्डा. तेव्हा मला ती काकांच्या तळव्याची पूड आठवली. भिंतीला होतं डिस्टेंपर, म्हणजे मुख्यतः खडूची पूड आणि ती धरून ठेवायला जेमतेम चिकटपणा, आणि तोही आधीच्या रंगावर लांबी म्हणजे पुट्टी न भरता, न घासता वरच्यावर एक हात मारलेला. स्टिकर रंगाला एकदम पक्का चिकटला होता. त्याच्याकडून काही कुचराई नव्हती. रंगच भिंतीला चिकटलेला नव्हता. आपण एखाद्याचा हात घट्ट धरावा आणि तो कड्यावरच उभा नसावा तसं.

लेक सकाळी अक्षरं वाचत बसली, "ओ... एम... ई... आई, ओमे म्हणजे काय?" तिला काहीतरी सांगून गप्प केलं. दोन आठवड्यांनी ई पण पडला.

आणि भिंतीवर राहिलं काय, तर ओ आणि एम.

सासूबाईंना इंग्रजी वाचायला येतं, एसटीच्या पाट्यांपुरतं. त्या दिवशी त्या पूजा करून बाहेर आल्या, भिंतीकडे बघितलं, थांबल्या, आणि हात जोडले. मला वाटलं गंमत करतायत. पण संध्याकाळी दिवा लावल्यावर त्या तिथे उदबत्ती ओवाळून आल्या. मी म्हंटलं आई, ते होममधलं उरलेलं आहे. त्या म्हणाल्या, "घरातलं गळायचं ते गळलं, राहायचं ते राहिलं." याच्यावर काय बोलणार तुम्ही. नवऱ्याकडे बघितलं तर तो एम तिरका आहे हे बघत होता. जानेवारीत हळदीकुंकवाला आलेल्या बायका म्हणायला लागल्या अय्या किती वेगळी आयडिया, ओम इंग्रजीत, आणि हे दोन्हीकडचे पांढरे डाग म्हणजे डिझाइन का. मी वाण लुटत होते, हो म्हणाले.

असे तीन अकरा-महिने गेले. मग आम्हाला कल्याणला स्वतःचं घर मिळालं आणि डिपॉझिट परत घ्यायची वेळ आली. सहज काढा, डाग राहत नाही.

आता ऐका. स्टिकरचं व्हिनाइल नवीन असतं तेव्हा अख्खं सालीसारखं निघतं, पण तीन वर्षं खिडकीतलं ऊन खाल्लं की ते कडक होतं. व्हिनाइल म्हणजे पीव्हीसी प्लास्टिक, हा प्रकार मुळात कडकच, त्यात मऊपणासाठी काहीतरी तेलकट मिसळलेलं असतं, ते हळूहळू निघून जातं. हे मी झाड काढता काढता एका हाताने मोबाईलवर वाचलं. त्यातच सापडलं की १९२६ साली अमेरिकेत वॉल्डो सेमन नावाचे एक केमिस्ट रबर धातूला चिकटवायला काहीतरी शोधत होते आणि त्या खटपटीत त्यांना पीव्हीसी मऊ करायची युक्ती सापडली. म्हणजे बघा, माणूस गोंद शोधायला निघाला आणि ज्याला गोंद लागतो ते घेऊन घरी आला. मला हे इतकं आपलं वाटलं! मी भाजी आणायला जाते आणि कुंड्या घेऊन येते.

तर बुंधा नखाने उचलला की नखाएवढाच निघायचा. हेअर ड्रायर आणला. गरम हवेने गोंद मऊ पडतो, मग कोपरा उचलून भिंतीलगतच, उलटा दुमडून, सावकाश ओढत जायचं, झटका द्यायचा नाही. आपल्याकडे झटका न देणारं माणूस फक्त सासूबाई. त्यांनी दोन फांद्या अशा सोडवल्या जशी सांडगी मिरची प्लास्टिकवरून सोडवतात, मी आणि नवऱ्याने बाकीचं झाड ओरबाडलं. जिथे रंग निघाला तिथे झाडाच्या आकाराचं पांढरं झाड, जिथे रंग राहिला तिथे चिकट डाग, आणि जिथे दोन्ही नाही तिथे आजूबाजूचा रंग विटलेला असल्यामुळे आत मूळ पिस्ता, म्हणजे एकूण झाड काढल्यावर झाड जास्त उठून दिसायला लागलं.

आणि चिकट डागावर मी खोबरेल तेल लावलं. लावू नका. किचनच्या टाइल्सवर त्याने डाग पाच मिनिटात गेले, म्हणून मला उत्साह आला. डिस्टेंपर तेल पितं. पापड तळून भिंतीला टेकवून ठेवल्यासारखे गोल गोल उठले. त्यावर नवऱ्याने नेलपॉलिश रिमूव्हर लावलं, त्याने गोंद गेला, रंगही गेला, आणि माझी अर्धी बाटली गेली.

मग पेंटरला बोलावलं. त्याने अंगठ्याने भिंत खरवडली, पोपडा हातावर घेतला, फुंकला. "टचप नहीं होगा मॅडम, पॅच दिखेगा. पूरी दीवार मारनी पडेगी." मी विचारलं एक भिंत ना फक्त. तो म्हणाला एक मारली की बाकीच्या तीन जुन्या दिसणार. तेलाच्या डागांवर आधी पॉलिश पेपर, मग प्रायमर, मग लांबी. साडेनऊ हजार. २४९ च्या झाडाला! जाता जाता त्याने ओमवर टिचकी मारून बघितली आणि म्हणाला ये नहीं गिरेगा, इथे केबलची खाच सिमेंटने भरून वर प्रायमर मारलाय, अख्ख्या हॉलमध्ये तेवढीच जागा पक्की आहे. मी हे सासूबाईंना सांगितलं नाही.

ओम काढायचा राहिलाच होता. मी ड्रायर घेऊन गेले तर सासूबाई मध्ये उभ्या. "त्याला सुरी लावायची नाही." मी म्हंटलं सुरी नाही, ड्रायर आहे. तर म्हणे वारापण घालायचा नाही. तेवढ्यात बेल वाजली, काका तपासणीला आले.

काकांनी आधी झाड बघितलं, म्हणजे झाडाचा इतिहास बघितला. काही बोलले नाहीत, खिशातून डायरी काढून आकडा लिहिला. मी पुढे होऊन म्हंटलं काका खिळा एकही ठोकला नाही हं, नववं कलम पाळलंय. त्यांनी आकड्यापुढे आणखी काहीतरी लिहिलं. मग वळले, समोरच्या भिंतीवर ओम, खाली सासूबाईंची सकाळची उदबत्ती अजून धुमसत होती. काका थांबले. चपला दाराबाहेरच होत्या, तरी त्यांनी एकदा पायांकडे बघितलं. "हे मात्र राहू द्या," म्हणाले, "काढू नका." डिपॉझिटमधून साडेनऊ कापले, ओमचे काही कापले नाहीत. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या, मी खोके बांधत होते.

महिन्याभराने काकांचा व्हॉट्सअ‍ॅप आला. हॉलचा फोटो, नवा फिकट पिवळा रंग, यावेळी लांबी भरून नीट केलेला दिसत होता, आणि पेंटरने ओमच्या कडेकडेने बारीक ब्रशने सांभाळून रंगवलेलं, वर झेंडूचा हार, खाली लिहिलेलं "आपल्या आठवणी". हार अडकवायला त्यांनी वर खिळा ठोकला होता. मी सासूबाईंना फोटो दाखवला, त्यांनी मोबाईललाच नमस्कार केला. मग नवऱ्याने तो माझ्या हातातून घेतला, दोन बोटांनी मोठा केला, आणखी मोठा केला, मान थोडी डावीकडे कलती केली आणि म्हणाला, "शिंकच होती ती."