विम शिका, पण वाचू नका

विम हा एडिटर, म्हणजे संगणकावर मजकूर आणि कोड लिहायचा प्रोग्रॅम, फुकट मिळतो, एवढ्यावरूनच सावध व्हायला हवं. पैसे न मोजता मिळालेल्या वस्तूची माहिती धड कुठून असणार? पण कंपनीच्या सर्व्हरवर नेमका तोच असतो, तेव्हा शिकण्यावाचून सुटका नाही. मग ती माहिती कुठे शोधायची, याबद्दल चार शब्द.

पहिलं पथ्य : स्क्रीन वाचायची नाही. फाइलचं नाव न देता विम उघडला की मधोमध काही ओळी दिसतात. बाहेर पडायला कोलन, क्यू आणि एंटर, मदतीला कोलन हेल्प, असं तिथे स्वच्छ लिहिलेलं असतं. म्हणजे मालक दारावरच पाटी लावून बसलाय. पण आपण पुणेकर. आपण पाट्या लावतो, वाचायच्या त्या बाहेरच्यांनी. तेव्हा दोन-चार बटणं बडवून त्या ओळी घालवा, शेवटी विम चालतो ती टर्मिनलची खिडकीच बंद करा आणि ‘अहो, हे बंदच होत नाहीये’ म्हणत शेजारच्या टेबलावर जा.

विमट्यूटर नावाचा धडा विमबरोबरच येतो. त्याच्याही वाटेला जाऊ नका. अर्ध्या तासाचं काम, दुसऱ्याच पाठात बाहेर कसं पडायचं ते सांगितलेलं, वर सरावासाठी तो फाइलची वेगळी प्रत काढून देतो, म्हणजे काही बिघडायचीही सोय नाही. अर्ध्या तासात आलेल्या विद्येला चारचौघांत काय किंमत? त्यापेक्षा अप्पा बळवंत चौकातून जाडजूड पुस्तक आणा, कव्हर घाला आणि शनिवार-रविवारचा क्लास लावा.

इतिहास तर अमृततुल्यवरच ऐकावा. कर्सर हलवायला एच, जे, के, एल ही अक्षरं का, यावर तिथे प्रत्येकाचा स्वतंत्र सिद्धांत असतो. बिल जॉय यांनी १९७६ च्या सुमारास विमचा पूर्वज असलेला मूळ व्हीआय एडिटर ज्या एडीएम-३ए टर्मिनलवर, म्हणजे पडदा आणि कीबोर्डच्या यंत्रावर, लिहिला, त्याच्या कीबोर्डवर याच चार अक्षरांवर बाण छापलेले होते, असलं काही मध्येच बोलून रंगाचा बेरंग करू नका. ब्राम मोलेनार यांनी अमिगा संगणकावर घडवलेला विम १९९१ मध्ये लोकांना दिला आणि २०२३ मध्ये जाईपर्यंत तो सांभाळला, हेही मनातच ठेवा. बदल्यात त्यांनी मागितलं काय, तर आवडला तर युगांडातल्या मुलांसाठी देणगी. ही विनंतीसुद्धा पुष्कळदा त्या पहिल्याच स्क्रीनवर असते, म्हणजे ती आपल्या नजरेला पडायचा प्रश्नच नाही. फुकट ते फुकटच राहतं.

एवढं जपूनही कधी चुकून कोलन हेल्प टाइप झालं आणि मदतीची खिडकी उघडली, तर घाबरू नका. ती बंद कशी करायची ते तिच्याच वरच्या ओळींत दिलेलं असतं. तिकडे ढुंकूनही न बघता सीनियरला फोन लावा. तो हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेला असेल, म्हणजे समजावून सांगायला त्याच्याकडे तासभर तरी आहेच.