डोळे मिटायला सांगण्याआधी

नववीच्या वर्गात मी पहिल्यांदा ध्यानाची पाच मिनिटे घेतली, तेव्हा वर्ग क्षणात शांत झाला आणि मला मनापासून समाधान वाटले. मग माझी नजर खिडकीजवळच्या एका मुलीकडे गेली. तिने डोळे इतके घट्ट मिटले होते की पापण्या थरथरत होत्या आणि अंगठ्याचे नख तिने तर्जनीत रुतवून धरले होते. तास संपल्यावर ती टेबलाजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, “बाई, डोळे मिटले की मला पेपरच दिसतो. उघडे असले की निदान फळा तरी दिसतो.”

त्या एका वाक्याने मला पुष्कळ काही नव्याने शिकायला लावले. विद्यार्थ्यांचा ताण कमी व्हावा म्हणून शाळेत ध्यान शिकवावे, असे माझे आजही ठाम मत आहे. परंतु ज्या पद्धतीने आपण ते शिकवायला निघालो आहोत, त्या पद्धतीबद्दल मला काळजी वाटते आणि ती येथे सविस्तर मांडावीशी वाटते.

शाळेला ध्यान चटकन आवडते, याचे एक कारण मला त्या दिवशी उमगले. ध्यानामुळे शांतता मिळते, आणि शाळेच्या नजरेत शांतता म्हणजेच शिस्त. मुख्याध्यापक व्हरांड्यातून जाताना चाळीस मुले पाठ ताठ ठेवून, डोळे मिटून बसलेली दिसली, की उपक्रम यशस्वी झाला असे सगळ्यांनाच वाटते. प्रत्यक्षात त्या चाळीस जणांपैकी कोणी पेंगत असते, कोणी पुढच्या तासाच्या अपुऱ्या गृहपाठाचा हिशेब करत असते, आणि कोणी त्या मुलीसारखे एकटेच भीतीच्या समोर बसलेले असते. गप्प बसणे आणि मन निवणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली आज्ञेने साधते, दुसरी आज्ञेने साधत नाही.

ध्यानाचा उपयोग होतो कसा, हे मुलांना आधी समजावून सांगायला हवे असे मला वाटते, कारण नववी-दहावीतल्या मुलांना कारण सांगितले की ती ऐकतात. भीती वाटली की शरीरात ॲड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके वाढतात, हृदयाचे ठोके जलद होतात, श्वास उथळ होतो. या सगळ्या घडामोडींत श्वास ही एक गोष्ट अशी आहे, की जी आपोआप चालते आणि तरीही आपल्याला हवी तेव्हा आपल्या हाती येते. उच्छ्वास लांबवला की मेंदूपासून हृदयापर्यंत जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूच्या कामामुळे ठोक्यांची गती थोडी मंदावते, आणि हे मनगटावर बोट ठेवून कोणालाही अनुभवता येते. मी पुढच्या तासाला हेच करायला लावले. स्वतःची नाडी श्वासाबरोबर हलके बदलते हे बोटाला जाणवल्यावर मुलांच्या चेहऱ्यांवर जे कुतूहल उमटले, ते आधीच्या पाच मिनिटांच्या शांततेपेक्षा मला कितीतरी मोलाचे वाटले. ताण पूर्णपणे नाहीसा करायचा नसतो, हेही त्याच वेळी सांगितले पाहिजे. थोडी धाकधूक अभ्यासाला बसवते. ती हाताबाहेर गेली की पाठ झालेलेही आठवत नाही.

आता पुराव्यांकडे येऊ, कारण या विषयावर बोलताना आपण अनेकदा केवळ श्रद्धेने बोलतो. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात सजगतेचा (माइंडफुलनेस, म्हणजे चालू क्षणाकडे जाणीवपूर्वक लक्ष देण्याचा) जो आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम सुरू केला, त्यातूनच आजच्या बहुतेक शालेय कार्यक्रमांची बीजे आली. पण तिथे येणारी माणसे प्रौढ होती, दीर्घकाळच्या वेदनांनी त्रासलेली होती, स्वतःच्या इच्छेने आली होती आणि घरीही रोज सराव करत होती. शाळेतले मूल ध्यानाला बसते, ते वेळापत्रकात तो तास आहे म्हणून. हा फरक किती मोठा आहे, हे ब्रिटनमधील ‘मिरियाड’ या संशोधन प्रकल्पाने दाखवून दिले. त्यात ऐंशीहून अधिक शाळांतील, अकरा ते चौदा वयोगटातले ८,००० हून अधिक विद्यार्थी होते. काही शाळांमध्ये शिक्षकांना प्रशिक्षण देऊन सजगतेचे पाठ घेतले गेले, तर उरलेल्या शाळांमध्ये भावनिक आणि सामाजिक शिक्षण नेहमीप्रमाणेच चालू राहिले. २०२२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा सजगतेच्या पाठांमुळे मुलांच्या मानसिक स्वास्थ्यात उरलेल्या शाळांतील मुलांपेक्षा अधिक सुधारणा झाल्याचे दिसले नाही.

हा निष्कर्ष वाचून मी काही दिवस खिन्न होते, हे मान्य करते. परंतु त्याचे तपशील पाहिल्यावर मला त्यात नकारापेक्षा मार्गदर्शन अधिक दिसले. बहुतेक मुलांनी वर्गाबाहेर सराव केलाच नव्हता. पोहण्याविषयीचे पाठ ऐकले, पण पाण्यात उतरलेच नाही, तर पोहता येणार कसे? त्याच प्रकल्पात शिक्षकांना मात्र प्रशिक्षणानंतरच्या काळात थकवा कमी झाल्याचे जाणवले, आणि मला ही बाब फार महत्त्वाची वाटते. जो शिक्षक स्वतः घाईने, चिडून, अपुऱ्या झोपेने वर्गात येतो, त्याने मुलांना ‘शांत व्हा’ म्हणणे मुलांना पटत नाही. आणखी एक सूचना त्या संशोधनातून पुढे आली: ज्या मुलांना मानसिक त्रासाची लक्षणे आधीपासूनच आहेत, त्यांच्या बाबतीत सरसकट सगळ्या वर्गाला एकच पाठ देणे हितकारक ठरेलच असे नाही. ते वाचताना खिडकीजवळची ती मुलगी माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली. तिला ध्यानापेक्षा आधी समुपदेशकाची गरज होती, आणि ती गरज मी शांततेच्या समाधानात जवळजवळ नजरेआड केली होती.

ध्यान धार्मिक की शास्त्रीय, या वादावर मी फार वेळ घालवणार नाही. अमेरिकेतील न्यू जर्सीच्या सरकारी शाळांमधला भावातीत ध्यानाचा (ट्रान्सेन्डेंटल मेडिटेशन, म्हणजे मनात मंत्र घोळवत करायच्या ध्यानाचा) अभ्यासक्रम खालच्या न्यायालयापाठोपाठ १९७९ मध्ये अपील न्यायालयानेही धार्मिक स्वरूपाचा ठरवला, आणि त्यात दीक्षाविधीचा मुद्दा महत्त्वाचा होता. शाळेत कोणताही विधी, प्रतिमा किंवा गुरूचे नाव न आणता केवळ श्वासाकडे लक्ष द्यायला शिकवता येते, आणि कोणत्याही घरातल्या मुलाला ते परके वाटणार नाही इतके ते साधे ठेवणे ही शाळेची जबाबदारी आहे.

माझा खरा आग्रह याहून वेगळा आहे. मुलांच्या ताणाची काही कारणे शाळा स्वतःच निर्माण करते, आणि ती तशीच ठेवून ध्यानाचा तास सुरू करणे मला प्रामाणिक वाटत नाही. एकाच दिवशी दोन विषयांच्या चाचण्या ठेवायच्या, गुण सगळ्या वर्गासमोर मोठ्याने वाचायचे, आणि मग त्याच मुलांना श्वासावर लक्ष द्यायला सांगायचे, याला काय अर्थ आहे? झोपेचेच पाहा. किशोरवयात झोप येण्याची नैसर्गिक वेळ पुढे सरकते, आणि या वयाला ८ ते १० तास झोप लागते. म्हणूनच अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये, माध्यमिक शाळा सकाळी साडेआठच्या आधी भरवू नयेत अशी शिफारस केली. पहाटे उठून, अर्धवट झोपेत शाळेत आलेल्या मुलाला डोळे मिटायला सांगितले तर ते झोपणारच, आणि ते झोपले म्हणून त्याला रागावणे हा अन्याय आहे.

आता माझ्या वर्गात आम्ही तीनच मिनिटे बसतो. डोळे मिटायचे की उघडे ठेवायचे, हे ज्याचे त्याने ठरवायचे. ज्यांना श्वासाकडे लक्ष दिल्याने घुसमट होते, त्यांनी तळपायांना जमिनीचा स्पर्श जाणवतो तिथे लक्ष ठेवायचे, आणि ज्याला तेही नको असेल त्याने वहीत काहीतरी रेखाटत बसायचे. मीही त्यांच्याबरोबर बसते, त्या वेळी हजेरीचे काम किंवा वह्या तपासणे करत नाही. याचे गुण नाहीत, नोंद नाही, ‘कोणाला किती शांत वाटले’ असे हात वर करायला लावणेही नाही. मन भरकटले तर ते चुकले असे नव्हे, भरकटल्याचे ध्यानात येणे हाच सराव आहे, एवढेच मी अधूनमधून सांगते. त्या मुलीच्या पालकांशी बोलून, समुपदेशकाकडे तिच्या भेटी ठरवल्या. ती अजूनही डोळे मिटत नाही. समोरच्या बाकाच्या कडेवर नजर ठेवते आणि दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकवते.

पुढच्या सत्राच्या वेळापत्रकाची बैठक लवकरच आहे. ध्यानाच्या तासाचा प्रस्ताव तिथे मंजूर होईल असे दिसते आणि मी त्याच्या बाजूनेच बोलणार आहे. मात्र त्याच कागदावर, त्याच प्रस्तावाचा भाग म्हणून, मी आणखी दोन मागण्या लेखी देणार आहे: एका दिवशी एकापेक्षा जास्त चाचणी नको, आणि गुण ज्याचे त्यालाच सांगावेत.