पाच माकडं, एक शिडी आणि कधीच न झालेला प्रयोग

परवा घरच्या ग्रुपवर काकांनी ती गोष्ट पुन्हा पाठवली. पिंजऱ्यात पाच माकडं, मधे शिडी, वर केळी. एक चढलं की बाकीच्यांवर गार पाण्याचा फवारा. मग कुणी चढू लागलं की बाकीची त्याला बडवतात. एकेक करून सगळी माकडं बदलतात. नव्यांनी पाणी पाहिलेलंही नसतं, तरी बडवणं चालूच. खाली तात्पर्य : ‘रूढी अशाच तयार होतात. बघून शिकणारा माणूस म्हणजे माकडच.’ या गोष्टीतले आणि तिच्यासोबत ऐकू येणारे दावे एकेक करून पाहू.

‘शास्त्रज्ञांनी प्रयोग केला.’ कुणी, कुठे, कधी? फॉरवर्डमध्ये नाव नाही, साल नाही, कारण असा प्रयोग झालेलाच नाही. त्यातल्या त्यात जवळचा आहे तो जी. आर. स्टीफन्सन यांचा १९६७चा. त्यात ऱ्हीसस जातीच्या माकडांच्या जोड्या होत्या. शिडी, केळी, पाणी यांतलं काहीच नव्हतं. एका माकडाने ठरावीक वस्तू हाताळली की त्याच्यावर हवेचा झोत सोडत. ते त्या वस्तूला घाबरू लागलं की सोबत एक नवखं माकड ठेवत. एका नराने नवख्याला त्या वस्तूपासून चक्क मागे ओढलं. दोघा नरांनी भेदरलेल्या अवस्थेत नुसते धमकावणारे चेहरे केले. नंतर एकटे असतानाही ते नवखे नर त्या वस्तूच्या वाटेला फारसे गेले नाहीत. सोबत्याला धोक्यापासून मागे ओढणाऱ्या या प्राण्याला फॉरवर्डने मारकुटा करून टाकलं, याचा मला खरंच राग येतो.

‘काहीही दाखवा, माकड आंधळेपणाने उचलतं.’ नाही उचलत. सुसान मिनेका आणि मायकल कुक यांनी १९८०च्या दशकात प्रयोगशाळेत वाढलेल्या, सापाला न घाबरणाऱ्या माकडांना व्हिडिओ दाखवले. सापाला घाबरणारं माकड पाहून ती सापाला घाबरायला शिकली. तोच व्हिडिओ कापून-जोडून माकड फुलांना घाबरतंय असं दाखवलं, तर फुलांची भीती काही बसली नाही.

‘नक्कल म्हणजे माकडचाळे.’ इथे तर गंमत उलटी आहे. व्हिक्टोरिया हॉर्नर आणि अँड्र्यू व्हाइटन यांनी २००५मध्ये चिंपांझींना आणि तीन-चार वर्षांच्या मुलांना पेटीतून बक्षीस कसं काढायचं ते दाखवलं. मुद्दाम काही निरुपयोगी कृतीही केल्या. पेटी पारदर्शक असली, की चिंपांझी त्या निरुपयोगी कृती सोडून देत. मुलं मात्र सगळं जसंच्या तसं करत.

माझी अडीच वर्षांची भाची खेळातली पोळी लाटायला बसते, तेव्हा आधी पोळपाट थोडा फिरवून दाबते. तिचा पोळपाट प्लास्टिकचा, सपाट. आजीच्या लाकडी पोळपाटाचा एक पाय झिजलाय, म्हणून आजी तसं करते. भाचीला ते ठाऊक नाही. पण पिठी किती भुरभुरायची, लाटणं कुठे हलकं करायचं, हेही तिला कुठे ठाऊक होतं? तेही तिने याच वाटेने उचललं. कुठली कृती कामाची आणि कुठली झिजल्या पायाची, हे तिला पोळ्या करता करता कळेल.

‘शिक्षा पाहिली की सगळे गप्प बसतात, विचारच थांबतो.’ अल्बर्ट बांडुरा यांच्या १९६५च्या प्रयोगात मुलांना फिल्म दाखवली : एक मोठा माणूस फुगवलेल्या बाहुलीला बडवतो. काही मुलांच्या फिल्ममध्ये त्याला शिक्षा होते. त्या मुलांनी नक्कल कमी केली. पण ‘काय पाहिलं ते करून दाखव, बक्षीस देतो’ म्हटल्यावर त्यांनीही इतरांइतकंच करून दाखवलं. शिकलेलं सगळं डोक्यात होतं, वागण्यात आलं नव्हतं इतकंच. ऑफिसच्या मीटिंगमध्ये गप्प बसणाऱ्या एखाद्या नवीन मुलीला माकड म्हणण्याआधी काकांनी हे वाचावं. तिने काय पाहून तोंड मिटलं, ते विचारावं.

कारण विसरलेल्या प्रथा असतात, हे मला मान्य आहे. पण नवी गोष्टही बघूनच पसरते. जपानच्या कोशिमा बेटावर १९५३मध्ये इमो नावाच्या दीड वर्षाच्या माकडिणीने वाळूने माखलेलं रताळं पाण्यात धुऊन खाल्लं. तिचं पाहून आधी खेळगडी शिकले, मग तिची आई. म्हातारे नर बहुतेक शिकलेच नाहीत. ते वाळूसकट खात राहिले.